आईच्या चालीनं

ज्या दिवशी आईनं टेकडीवर बारा फडकी पुरली, त्या दिवशी मी त्याच टेकडीवर बसले होते, आणि एकही फडकं पुरताना मी पाहिलं नाही. मी पुस्तक वाचत होते.

सकाळी आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मोजे चढवत होती. एकावर एक तीन जोड, आणि त्यावर रबरी बूट. बूट तिला दोन नंबरांनी मोठे होते. तिच्या मापाचे बूट फक्त लहान मुलांच्या दुकानात मिळत, आणि त्यांवर बदकं छापलेली असत.

"बदकं नकोत म्हणून मोठे बूट घेतलेस, आणि चालतेस मात्र बदकासारखीच," बाबा शिलाई यंत्रावरून म्हणाले.

"तुम्ही टाका सरळ घाला. आज इज्जतीचा प्रश्न आहे."

"पुरायचंय ना हे? पुरायच्या कापडाचा टाका कोण बघतं?"

"कापड खाऊन टाकतील, टाका उरेल. जे उरतं तेच लोक बघतात."

बाबा शिंपी. चाळीस वर्षांपूर्वी आई प्रयोगशाळेतला पांढरा डगला घेऊन त्यांच्या दुकानात गेली होती, खिसे मोठे करून हवेत म्हणून. एवढ्या मोठ्या खिशांत ठेवणार काय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माती. माप घ्यायच्या आधीच माझं ठरलं होतं, असं बाबा अजून सांगतात.

फडकी म्हणजे वीतभर लांबीरुंदीचे सुती चौकोन. जमीन खात्याच्या कचेरीतून ते वजन करून आले होते, प्रत्येकासोबत आकडा कोरलेला प्लास्टिकचा बिल्ला. बाबांनी चारही कडांना न कुजणाऱ्या दोऱ्याची शिलाई मारली आणि कोपऱ्यात बिल्ला टाचला. माती जिवंत असेल तर तिच्यातले जंतू साठ दिवसांत सुताचा फन्ना उडवतात, दोऱ्याची चौकट तेवढी राहते. माती मेलेली असेल तर फडकं पुरलं तसं निघतं. साठ दिवसांनी कचेरीतला माणूस येणार होता आणि त्याच्यासमोरच उकरायचं ठरलं होतं. बारांपैकी दहा फडकी खाल्लेली निघाली तर टेकडी कायमची गावाकडे, चराईला आणि झाडांना. नाहीतर पुन्हा खडी फोडणाऱ्यांकडे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती पोखरून सोडून दिली होती.

"आई, त्यांना प्रयोगशाळेतले आकडे दे ना. पेट्या भरून पडलेत तुझ्याकडे."

"आकडे मला कळतात. शेळीवालीला कळत नाहीत, आणि टेकडी तिची आहे. तिला डोळ्यांनी दिसायला हवं."

पंचवीस वर्षांपूर्वीही तिनं तिथं एक फडकं पुरलं होतं. दोन महिन्यांनी ते इतकं धडधाकट निघालं की तिनं धुऊन भांडी पुसायला घेतलं. अजून ते स्वयंपाकघरात खिळ्याला असतं. तेव्हा ती टेकडी म्हणजे दगडाच्या भुकटीचा ढीग होता. चालताना पायाखाली पिठासारखी भुकटी उडायची, आणि पाऊस पडला की सगळा ओढ्यात. ती ज्या माती-संशोधन संस्थेत काम करायची तिथल्या लोकांनी तिला सांगितलं, ट्रकनं माती आणून पसरा आणि मोकळ्या व्हा. आई ओढ्यापलीकडच्या जुन्या राईत गेली, झाडांच्या मुळांशी हात घालून ओंजळभर माती काढली, आणि दुधाला विरजण लावावं तशी टेकडीला लावली. एकेका खड्ड्यात शेणखत, भुसा, पालापाचोळा आणि चमचाभर राईतली माती. वर गवताचं बी. असे खड्डे तिनं किती केले ते मोजायचं तिनंच सोडून दिलं होतं.

तीन वर्षं काही झालं नाही. चौथ्या वर्षी एका खड्ड्यात पांढऱ्या बुरशीचे तंतू दिसले, केसापेक्षा बारीक. आई धावत घरी आली आणि दोन्ही हातांत माझे गाल धरून म्हणाली, "लागलं! विरजण लागलं!" तिच्या हातांचा वास त्या दिवशी शाळेत मला माझ्याच गालांना येत राहिला.

फडकी पुरायच्या दिवशी आम्ही वर पोचलो तेव्हा शेळीवाली मावशी आधीच तिथं होती. या दोघींचं पहिली आठ वर्षं कडाक्याचं भांडण होतं, कारण आई शेळ्यांना टेकडीवर पाय ठेवू देत नसे. मग गवत उभं राहिलं आणि आईनंच निरोप पाठवला: आता शेळ्या हव्यात, पाळीपाळीनं, खुरांनी माती हलू दे, लेंड्या पडू देत. तेव्हापासून मावशी आपल्या शेळ्यांना सरकारी नोकर म्हणायची.

"काय डॉक्टरीणबाई, आज काय पुरताय?"

"कपडे."

"अंगावरचे तेवढे ठेवा म्हणजे झालं."

"तुझ्या नोकरांना सांग, उकरू नका म्हणून."

"ते हुकूम लेखी घेतात," मावशी म्हणाली.

आई खुरपं, वही आणि पिशवी घेऊन निघाली. ती खुणेला कधी काही रोवत नसे. कापडी झेंडे शेळ्या खातात आणि खुंट्या लोक जळणाला नेतात. म्हणून ती पावलांनी अंतर मोजायची आणि वहीत लिहायची. पंचवीस वर्षं तिचं सगळं काम असंच चाललं होतं.

मी तिनं टेकडीवर लावलेल्या पहिल्या झाडाखाली बसले. शहरात मी शिकवते त्या शाळेतून चार दिवसांची रजा घेऊन आले होते, आणि सोबत एक जाडजूड पुस्तक होतं.

"वर बघ तरी एकदा. ढग बघ कसे आलेत."

"बघतेय," मी पान उलटत म्हणाले.

ऊन मऊ होतं. गवतातून ओलसर वास येत होता. आईचे बूट दूर जात, परत येत. एकदा ते माझ्या अगदी जवळ आले आणि खुरपं वाजलं. पानावर तिची सावली पडली.

"आई, उजेड सोड ना."

ती बाजूला झाली.

संध्याकाळी घरी पोचलो. मी दारातच होते, किल्ली माझ्याच हातात होती, तरी ती माझ्या मागून ओरडली, "खतवाली आली हो! दार उघडा!"

"खतवालीला सांगा, बूट बाहेर काढायचे," आतून बाबा.

हे रोजचं होतं. पण त्याची सुरुवात कुठं झाली ते बाबांना माहीत नव्हतं.

मी बारा वर्षांची होते. शाळा सुटली आणि फाटकाशी आई उभी. खांद्यावर पोतं, कोपरापर्यंत चिखल, केसांत पालापाचोळा, पायांत ते बूट. ती माझ्याकडे बघून हसत होती. वर्गातल्या मैत्रिणीनं विचारलं, "कोण गं ती? तुझ्याकडेच बघतेय."

"कोणी नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे खत टाकायला येते."

अंतर चार हातांचं होतं. आईनं ऐकलं. तिनं पोतं खाली ठेवलं, माझ्या मैत्रिणींकडे बघितलं आणि म्हणाली, "हवंय का खत, ताई? ताजं आहे."

मुली खिदळल्या. मी भरभर पुढे चालू लागले. ती मागून, आपल्या चालीनं. घर येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. दारात तिनं आवाज दिला, "खतवाली आली हो!" बाबा खो खो हसले. तेव्हापासून चोवीस वर्षं ती रोज तेच म्हणत आली. त्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच आवडलं होतं. पण मी एकदाही त्यावर काही बोलले नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

फडकी पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, त्रास झाला नसणार. बूट दाराबाहेर होते, तिनं काढले तसे, एक उभा आणि एक आडवा.

*

साठाव्या दिवशी कचेरीतला माणूस सकाळी नऊला जीपनं आला. तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट, नुकताच बदली होऊन आलेला. आईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. गावातली तीसेक माणसं टेकडीच्या पायथ्याशी जमली होती.

"मॅडम, तुम्ही बाईंच्या संस्थेतल्या का?" त्यानं मला विचारलं.

मुलगी म्हटलं की लोक चेहरा पाडतात, मग आपल्यालाही पाडावा लागतो. त्या सकाळी मला ते नको होतं.

"हो," मी म्हणाले.

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी मापाची टेप बोटाला गुंडाळली, उलगडली, आणि खोकले.

मी वही उघडली. आईचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. *१. मोठ्या खडकापासून ओढ्याकडे बेचाळीस पावलं, मग डावीकडे अकरा.* खडकाला पाठ लावून मी बेचाळीस पावलं मोजली, डावीकडे वळून अकरा, आणि खुरपं घातलं. माती काळसर निघाली, भुसभुशीत, मुळांनी भरलेली. फडकं नव्हतं. हातभर इकडे उकरलं, हातभर तिकडे. नव्हतं.

दुसऱ्या नोंदीचं तेच झालं. तिसरीचंही. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला. मागे लोक कुजबुजायला लागले.

"न सापडलेलं फडकं न खाल्लेलं धरावं लागेल," तो माणूस म्हणाला. त्याला ते म्हणताना बरं वाटत नव्हतं, पण त्याच्या हातात तक्ता होता. "दुपारी तीनपर्यंत वेळ आहे, मॅडम."

"माप चुकतंय तुझं," बाबा म्हणाले. "तू तिच्या दीडपट आहेस. तिचं पाऊल अठरा इंच. चाळीस वर्षं सलवारी शिवल्यात मी."

त्यांनी टेप काढली. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. बेचाळीस गुणिले अठरा. वाकून वाकून बाबांचा श्वास लागला, पण बसायला तयार होईनात. खुरपं घातलं, आणि दुसऱ्याच फटक्याला बिल्ला वाजला.

मी बोटांनी माती बाजूला केली. दोऱ्याची चौकट, आत काही नाही. सुताचा एक धागा नाही. चौकटीतून पलीकडची माती दिसत होती, जणू खिडकी.

बाबांनी ती उन्हात धरली. "टाका सरळ आहे," ते म्हणाले, आणि बराच वेळ ती परत देईनात.

सपाटीवरचं दुसरंही असंच सापडलं. पण चढ लागला तशी टेप निकामी झाली. तिसरं, चौथं, पाचवं. टेपनं दाखवलेल्या जागी नुसते खड्डे. अकरा वाजून गेले. कचेरीतला माणूस घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत होता.

शेळीवाली मावशी इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

"इंच मोजून चालायची का ती?" ती म्हणाली. "शिंपीदादा, बायको होती का पडदा? चढावर ती डावीकडे ओढायची. कंबर दुखायची ना तिची. आणि बूट मोठे, म्हणून टाच घासायची." तिनं माझ्याकडे हात केला. "बूट कुठायत?"

ते माझ्या पिशवीत होते. का आणले, ते मला सांगता आलं नसतं.

मावशीनं चपला भिरकावल्या, बूट चढवले, खडकाला पाठ लावली. मग तिनं पोक काढलं, डावा हात कमरेवर ठेवला, पायांचे अंगठे बाहेर फिरवले, आणि निघाली. फतक, फतक. दहा पावलं झाली की थांबायची, वाकून जमिनीशी बोलायची, "काय गं बाई, बरी आहेस ना? जेवलीस का?" आणि पुन्हा फतक, फतक.

हुबेहूब आई.

पहिल्यांदा पोस्टमन हसला. मग सगळेच. मीही हसले. दोन महिन्यांत हसले नव्हते, आणि हसता हसता रडू फुटेल अशी भीती होती, पण फुटलं नाही. नुसतं हसूच येत राहिलं.

"पस्तीस," मावशी थांबली. "इथं."

तिथं होतं. तिसरं फडकं. चौकट, आत हवा.

मग सगळ्यांना चेव आला. तेव्हा मला कळलं की पंचवीस वर्षं हे अख्खं गाव आईच्या माघारी तिची नक्कल करत होतं. पाणवठ्यावर, दुकानात, शाळेच्या ओट्यावर. प्रत्येकाकडे तिची चाल होती. बूट एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात फिरू लागले. पोस्टमन फार पुढे गेला. मावशीनं त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं, "ती कधी घाईत होती का रे?" गिरणीवाल्याच्या बायकोची चाल बरोबर होती, पण बोलायला जिथं थांबायचं तिथं ती थांबत नव्हती. शाळेच्या हेडमास्तरांना सगळ्यांनी आग्रह केला. ते आधी नाही नाही म्हणाले, आणि मग इतकं अचूक चालले की त्यांनी घरी सराव केला असणार अशी सगळ्यांची खात्री झाली.

"मी करून बघू?" कचेरीतल्या माणसानं विचारलं.

बूट त्याला शिरेनात. तो मोज्यांवरच चालला, हात कमरेवर ठेवून, अगदी मन लावून.

"साहेब," मावशी म्हणाली, "तुम्ही अजून फाईल घेऊनच चालताय."

नववी नोंद बाबांनी मागून घेतली. त्यांनी नक्कल केली नाही. डावा कोपर जरा बाहेर काढला, जणू त्यात कुणाचा हात आहे, आणि त्या हाताच्या वेगानं चालत गेले. ओठ हलत होते. एकोणतीस पावलांवर थांबून त्यांनी हातातली काठी टेकवली. उकरलं, तर काठीखालीच बिल्ला.

दोन वाजेपर्यंत अकरा फडकी हाताशी आली. नऊ चौकटी रिकाम्या. दोन जवळजवळ जशीच्या तशी. ती दोन्ही खाणीच्या उघड्या काठावर पुरलेली होती, जिथं अजून गवतसुद्धा धरलेलं नाही.

"एवढी चांगली जमीन सोडून तिथं कशाला पुरायचं?" गिरणीवाला कळवळून म्हणाला.

"तिला खरं काय ते बघायचं होतं," बाबा म्हणाले.

"म्हणजे नऊ," कचेरीतला माणूस म्हणाला. "एक कमी आहे. बारावं?"

मी वही मिटून धरली होती.

"त्यात पावलं नाहीत," मी म्हणाले.

"मग काय आहे?"

ते पान मी दोन महिने बाबांनाही दाखवलं नव्हतं. मी वही त्याच्या हातात दिली. त्यानं मोठ्यानं वाचलं, तक्त्यातल्या इतर नोंदी वाचाव्यात तसं.

"बारा. पोरीच्या पायाशी. दोनदा हाक मारली. पुस्तक छान असणार."

वाऱ्यानं गवत एका बाजूला पडलं आणि उठलं.

"ही पोर कोण?" त्यानं विचारलं. "कुठं बसली होती, कुणाला माहितीय का?"

मावशीचं तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा टेप गुंडाळत राहिले.

मी पहिल्या झाडाकडे गेले. बुंध्याला पाठ लावली, त्या दिवशीसारखे पाय पसरले, आणि हात पुस्तक धरल्यासारखे वर घेतले. मग हात खाली केले आणि टाचांच्या मधली जागा उकरू लागले. खुरपं घेतलं नाही. माती नखांत शिरली. ती थंड होती, कुस्करली की दाणेदार व्हायची, आणि तिला आईच्या हातांचा वास होता. चार बोटं खाली एक पांढरा तंतू दिसला, मग पुष्कळ, केसापेक्षा बारीक, एकमेकांत गुंतलेले. त्यांच्या मधोमध बाबांचा सरळ टाका.

मी चौकट उचलून धरली. आतून मला सगळे दिसले.

आधी मावशीनं काठी हवेत फेकली. मग जो आरडाओरडा झाला, त्यानं सरकारी नोकर खालच्या बांधापर्यंत पळाले. हेडमास्तर बूट घालून नाचत होते. पोस्टमननं बाबांना मिठी मारली आणि बाबांचा चष्मा गवतात पडला, तो शोधायला पुन्हा दहाजण वाकले.

कचेरीतला माणूस तक्ता घेऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला. इस्त्रीची वाट लागली होती. त्यानं 'दहा' लिहिलं, खाली रेघ मारली, मग पेन थांबवलं.

"मॅडम, इथं तुम्ही बसला होता?"

"हो."

"म्हणजे ती पोर..." त्यानं एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्या मातीनं भरलेल्या हातांकडे. आवाज खाली आणला. "कोण होत्या त्या तुमच्या?"

"माझी आई," मी म्हणाले.

चष्मा सापडला होता. बाबांनी तो डोळ्यांवर चढवला आणि कानाला हात लावला. "काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. इथं ऐकू येत नाही."

मी उठून उभी राहिले.

"खतवाली माझी आई आहे!" मी ओरडले. "माझी आई आहे ती!"